उपसर्गाचा उपद्रव आणि उपकार

‘सब’ म्हणजे खाली, ‘सर्कम’ म्हणजे भोवती, ‘इंटर’ म्हणजे मध्ये, ‘पोस्ट’ म्हणजे नंतर. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात इंग्रजी शब्दसंग्रहाचं कुठलंही पुस्तक चाळा, ही यादी भेटल्याशिवाय राहत नाही. बँकेच्या परीक्षेला बसणारी मुलं ती पाठ करतात, परदेशी शिकायला निघालेली मुलंही पाठ करतात. नॉर्मन लुईस यांचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे १९४९ सालचं पुस्तक आजही फुटपाथवर खपतं ते याच आशेवर, की लॅटिनचे दहावीस तुकडे गाठीला असले म्हणजे अनोळखी शब्द आपोआप उघडतील. परीक्षा देण्याचं माझं वय कधीच सरलं. तरी अशी यादी दिसली की मी दुकानात उभ्या उभ्या ती वाचून काढतो. शब्दाच्या डोक्यावर बसलेली ही दोन-तीन अक्षरं मोठी बोलकी असतात, आणि तितकीच लबाड.

मराठीत त्यांना उपसर्ग म्हणतात. हाच शब्द आपण त्रासालाही वापरतो. पावसाळ्यात डासांचा उपसर्ग होतो, शेजारी नवीन बिऱ्हाड आलं की त्यांच्या टीव्हीचा उपसर्ग होतो. हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदतात, ते संस्कृतचे जाणकार धातू फोडून समजावतील. यादीवर विसंबून परीक्षेत आपटलेल्या मुलाला मात्र ते न फोडताही समजलेलं असतं.

माझं मत असं, की उपसर्ग ही फाट्यावरची पाटी आहे. गाव कुठल्या अंगाला आहे ते ती बिनचूक सांगते. गावात कोण राहतं, ते आत गेल्याशिवाय कळत नाही. पाटीशिवाय चालू पाहणारा भटकतो, आणि पाटी वाचूनच गाव पाहिलं म्हणणारा फसतो.

इंग्रजीत लॅटिनची एवढी गर्दी झाली कशी, हे आधी पाहायला हवं. इंग्रजी मुळात जर्मॅनिक घराण्यातली भाषा. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, न्यायदानात, मुदपाकखान्यात फ्रेंच शिरली. फ्रेंच ही लॅटिनची लेक. पुढे सोळाव्या शतकात विद्वानांनी थेट लॅटिन ग्रंथांतूनच शब्द उचलायला सुरुवात केली, तेव्हा त्या शब्दांना दौतीतले शब्द म्हणून हिणवणारेही निघाले. केंब्रिजचे ग्रीकचे पंडित जॉन चीक यांना हे परकं ओझं सोसेना. मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचं भाषांतर करताना त्यांनी ‘ल्युनॅटिक’साठी ‘मून्ड’ आणि ‘सेंच्युरियन’साठी ‘हंड्रेडर’ असे घरचे शब्द घडवले. आपल्याकडे सावरकरांनी भाषाशुद्धीच्या आग्रहातून दिलेले ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ रुळले. चीक यांचे हे शब्द लोकांनी उचलले नाहीत. लॅटिन राहिली, पण तिची फोड करणारी माणसं कमी होत गेली. आज लंडनच्या साध्या माणसाला ‘सर्कमस्टन्स’ म्हणताना ‘भोवती उभं असलेलं’ असं काही जाणवत नाही.

मराठी माणसाला ‘परिस्थिती’ फोडायला एवढे कष्ट पडत नाहीत. परि म्हणजे भोवती, आणि स्था म्हणजे उभं राहणं. लॅटिनमध्येही सर्कम म्हणजे भोवती आणि ‘स्तारे’ म्हणजे उभं राहणं. आपल्याभोवती जे येऊन उभं ठाकतं ती परिस्थिती, हे दोन दूरच्या देशांतल्या माणसांना सारख्याच शब्दांत सुचलं. स्था आणि स्तारे हे तर सख्खेच आहेत. १७८६च्या फेब्रुवारीत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे धातू आणि व्याकरणाची रूपं इतकी जुळतात की त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. त्या घराण्याची ओळख उपसर्गांतही उरली आहे. आपला प्र तिकडे ‘प्रो’ होऊन बसला आहे, अंतर् ‘इंटर’ झाला आहे, अप ‘अब’, उप ‘सब’ आणि उपरि ‘सुपर’. नकाराचा आपला अन् तिकडे ‘इन’ आहे. लॅटिनमध्ये मित्राला ‘अमिकुस’ म्हणत, आणि त्याला हा नकार जोडून ‘इनिमिकुस’ म्हणजे शत्रू. फ्रेंचमधून झिजत झिजत तोच इंग्रजीत ‘एनिमी’ झाला. संस्कृतात मित्रापुढे अ लावून अमित्र, म्हणजे शत्रू. मित्र नसलेल्याला नुसतं परकं किंवा अनोळखी म्हणून सोडता आलं असतं. दोन्ही भाषांनी त्याला सरळ वैऱ्यांच्या रांगेत बसवलं.

नातं आहे म्हणून स्वभाव एक असतोच असं नाही. इंग्रजीत ‘पर’ असा ऐकू येणारा लॅटिन उपसर्ग आपल्या परि-चा भाऊबंद. पण परि भोवतीनं फिरतो आणि ‘पर’ आरपार जातो. परिक्रमा देवळाभोवती करतात, ‘परफोरेट’ करणं म्हणजे भोक पाडणं. तरी फिरून फिरून दोघं एका ठिकाणी भेटलेच. चहूबाजूंनी भरलेलं ते परिपूर्ण, आणि अखेरपर्यंत, आरपार केलेलं ते ‘परफेक्ट’.

याद्यांत एक गोष्ट बहुधा नीट सांगितलेली नसते, आणि मुलं तिथंच अडतात. उपसर्ग वेष पालटतात. ‘इन’ हा नकार ‘इम्पॉसिबल’मध्ये ‘इम्’ होतो, ‘इल्लीगल’मध्ये ‘इल्’ आणि ‘इर्रेग्युलर’मध्ये ‘इर्’. सोबत दाखवणारा ‘कोन्’ कधी ‘कोम्’, कधी ‘कोल्’, कधी ‘कोर्’. संधी शिकलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. उद् हा एकच उपसर्ग उत्कर्षात उत् असतो, उच्चारात उच्, उज्ज्वलमध्ये उज्, उन्नतीत उन् आणि उल्लेखात उल्. पुढच्या अक्षराशी जुळवून घेण्याचा हा जिभेचा आळस रोममध्येही होता आणि गोदावरीच्या काठीही.

या आळसाची माहिती फार व्यवहारी उपयोगाची आहे. लॉजच्या पाट्यांवर ‘अकॉमोडेशन’चं स्पेलिंग बरोबर लिहिलेलं क्वचित दिसतं. त्यात दोन सी आहेत आणि दोन एम, हे कितीही घोकलं तरी ठरत नाही. पण ‘अद्’ आणि ‘कोम्’ असे दोन उपसर्ग ‘मोदुस’, म्हणजे माप, या शब्दाला लागले आहेत हे एकदा समजलं की हिशेब मिटतो. पहिला सी ‘अद्’चा, त्यानं पुढच्याचं रूप घेतलं आहे, दुसरा ‘कोम्’चा. पहिला एम ‘कोम्’चा आणि दुसरा ‘मोदुस’चा. चारही अक्षरांचे मालक सापडतात.

उपसर्गाची खरी ताकद दिसते ती शब्दांच्या कुटुंबात. संस्कृतच्या वर्गात हृ धातूचं उदाहरण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. मारणं, खाणं, नष्ट करणं, हिंडणं आणि टाळणं ही पाच कामं एका धातूला उपसर्गांनी लावली. मराठी व्यवहारात यात आणखी भर पडते. पतसंस्थेत होतो तो अपहार. भेट म्हणून देतात तो उपहार. आणि उप-च्या जोडीला आ आला की उपाहार, म्हणजे थोडंसं खाणं. हॉटेलांच्या पाट्यांवर ‘उपहारगृह’ लिहितात तेव्हा रंगाऱ्यानं एक काना वाचवलेला असतो, आणि अर्थाप्रमाणे पाहिलं तर आत चहाभज्यांऐवजी भेटवस्तू मिळायला हव्यात.

लॅटिनमध्ये याच तोडीचं कुटुंब ‘याकेरे’ या क्रियापदाचं. अर्थ, फेकणं. इंग्रजीत ते ‘जेक्ट’ होऊन आलं. पुढे फेकतो तो ‘प्रोजेक्टर’, आत फेकतात ते ‘इंजेक्शन’, बाहेर फेकणं ‘इजेक्ट’, मागे फेकणं ‘रिजेक्ट’, समोर आडवं फेकलेलं ‘ऑब्जेक्शन’, बोलण्याच्या मध्येच फेकलेलं ‘इंटरजेक्शन’. संस्कृतात फेकण्याला क्षिप्. आणि मग जोड्या भराभर लागायला लागतात. प्रोजेक्टर म्हणजे प्रक्षेपक. ऑब्जेक्शन म्हणजे आक्षेप. कोर्टात वकील ‘ऑब्जेक्शन’ म्हणून उठतो आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत कुणी हिशेबावर आक्षेप घेतो, तेव्हा दोघंही समोरच्यावर काहीतरी भिरकावतच असतात. इथवर आलं की यादीवर प्रेमच जडतं. वाटतं, सगळी भाषा अशीच सुटेल.

अशा वेळी ‘कॉन्जेक्चर’ हा शब्द पुढे घ्यावा. ‘कोन्’ म्हणजे एकत्र. आपला सम् करतो तेच काम. त्यापुढे तेच फेकणं. तेव्हा कॉन्जेक्चर म्हणजे एकत्र टाकलेलं. याचा एकेक तुकडा संस्कृतात आणला तर तयार होतो संक्षेप. पण संक्षेप म्हणजे थोडक्यात सांगणं, आणि कॉन्जेक्चर म्हणजे तर्क, अंदाज. रोमन माणसानं हाती लागलेल्या खुणा एकत्र टाकल्या आणि त्यांवरून तर्क बांधला. आपल्या माणसानं पसरलेलं बोलणं एकत्र टाकून ते आटोपशीर केलं. दोन्हीकडे तुकडे तेच आणि जुळणी तीच, तरी अर्थ एकमेकांना ओळखही देत नाहीत. उपसर्ग आणि धातू यांची बेरीज म्हणजे शब्द नव्हे, हे याहून स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला ठाऊक नाही. पुन्हा गंमत अशी, की उपसर्गावरून अर्थ ताडण्याच्या या सगळ्या खटपटीला इंग्रजीत नाव द्यायचं तर तेच द्यावं लागेल.

‘इन’वर विसंबून फसण्याची सर्वांत प्रसिद्ध जागा म्हणजे पेट्रोलच्या टँकरची पाठ. तिथं ‘हायली इन्फ्लेमेबल’ असं ठळक रंगवलेलं असतं. यादी पाठ केलेला मुलगा म्हणणार, ‘इन’ म्हणजे नाही, तेव्हा हे न पेटणारं. पण लॅटिनमध्ये ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचा, आणि दुसरा आत शिरण्याचा. इथं दुसरा आहे. ज्वाळेच्या हवाली होणारं ते इन्फ्लेमेबल. हा घोळ जिवावर बेतेल म्हणून अमेरिकेत अग्निसुरक्षेचं काम पाहणाऱ्यांनी विसाव्या शतकात ‘फ्लेमेबल’ हा शब्द पुढे आणला. आज ‘इन’ असलेला आणि ‘इन’ नसलेला असे दोन्ही शब्द चालतात, आणि दोन्हींचा अर्थ एकच आहे. मराठीनं ज्वालाग्राही म्हणून हा घोळ दारातच येऊ दिला नाही.

‘इनव्हॅल्युएबल’मध्ये नकार खराखुरा आहे, तरी मूल फसतं. ‘व्हॅल्युएबल’ म्हणजे किमती, मग हे बिनकिमती असणार. इथं मात्र मराठी मदतीला येते, कारण आपला अमूल्य अगदी याच वळणाचा. ज्याचं मोल होत नाही ते. टाकाऊ वस्तूचंही मोल होत नाही, पण तिला अमूल्य म्हणायचं कुणाला सुचलं नाही. नकार कुठल्या बाजूनं मोजायचा हे उपसर्ग सांगत नाही, माणसं ठरवतात.

नसलेल्या जागी उपसर्ग दिसणं हा याच्याही पुढचा प्रकार. असुर या शब्दातला अ आपण नकाराचा मानतो. जो सुर नाही तो असुर. पण ऋग्वेदात वरुणासारख्या देवांनाही असुर म्हटलेलं आहे, आणि अभ्यासक तो शब्द असु म्हणजे प्राण याच्याशी जोडतात. पुढच्या काळात लोकांनी त्यातल्या अ-ला उपसर्ग समजून वेगळं काढलं, आणि मागे राहिलेला सुर म्हणजे देव ठरला. चुकीच्या फोडीतून देवांना एक नाव मिळालं आणि पुराणांना त्यांचे दोन पक्ष.

काही वेळा फोड बरोबर असते आणि काळ बदललेला असतो. ‘एग्रिजियस’ या शब्दात ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. कळपातून उठून दिसणारा. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत ही स्तुती होती. आजच्या इंग्रजीत तो शब्द ढळढळीत, अक्षम्य चुकीसाठी वापरतात. इटलीत मात्र पत्राच्या मायन्यात आजही ‘एग्रेजिओ’ लिहून समोरच्याचा मान राखतात. इटालियन गृहस्थाला जो बहुमान वाटेल, तो इंग्रजाला अपमान वाटेल; आणि दोघांच्याही शब्दातला कळप तोच आहे.

एका अक्षरानं जीव जाण्याचाही दाखला आहे. ‘प्रे’ म्हणजे आधी, ‘प्रो’ म्हणजे पुढे, लोकांसमोर. दोन्हींच्या मागे ‘स्क्रिबेरे’, म्हणजे लिहिणं. आधी लिहून देतात ते ‘प्रिस्क्राइब’. डॉक्टरची चिठ्ठी त्यातूनच आली. लोकांसमोर लिहून लावतात ते ‘प्रोस्क्राइब’. इसवी सनपूर्व ८२ मध्ये रोमन सेनापती सुल्लानं रोम ताब्यात घेतलं आणि आपल्या वैऱ्यांच्या नावांच्या याद्या फोरममध्ये लावल्या. यादीत नाव आलेल्या माणसाला कुणीही मारावं, मारणाऱ्याला बक्षीस मिळावं आणि मेलेल्याची मालमत्ता जप्त व्हावी, अशी ती व्यवस्था होती. आज ‘प्रोस्क्राइब’ म्हणजे बंदी घालणं. इतिहास ठाऊक असेल तर त्या बंदीमागचं रक्तही दिसतं. नुसत्या ‘प्रो’मध्ये ते दिसायचं नाही. याच लिहिण्याच्या कुटुंबात ‘पोस्टस्क्रिप्ट’ही आहे, नंतर लिहिलेलं. आपण त्याला ता. क. म्हणतो, ताजा कलम. आणि तिथं उपसर्ग लागतच नाही.

उपसर्गाचा मोठा उपकार मला वाटतो तो समानार्थी शब्दांच्या बाबतीत. पीटर मार्क रॉजे हे पेशानं डॉक्टर. त्यांनी १८५२ मध्ये अर्थाप्रमाणे शब्दांचे गट पाडून आपला ‘थिसॉरस’ छापला. आपल्या अमरसिंहानं कितीतरी शतकं आधी अमरकोशात विषयवार पर्याय श्लोकांत बांधून ठेवले होते. दोन्ही ग्रंथ मोठे, आणि दोन्ही वाचताना एकच धोका. एका ओळीत बसलेले शब्द एकमेकांच्या जागी कधीही बसवता येतात, असा भ्रम होतो.

तो भ्रम उपसर्ग मोडतो. काम आज न करण्याला इंग्रजीत किती शब्द आहेत पाहा. ‘पोस्टपोन’मध्ये नंतर ठेवणं आहे. ‘डिफर’मध्ये बाजूला नेणं आहे. ‘प्रोलाँग’मध्ये ताणत लांबवणं आहे. आणि ‘प्रोक्रॅस्टिनेट’मध्ये ‘क्रास’ दडला आहे, म्हणजे उद्या. उद्यावर लोटत राहणं. कोशातल्या एका ओळीत हे सगळे शेजारी बसतात, पण त्यांतल्या हालचाली वेगळ्या आहेत. मराठीत आपण ही गल्लत करत नाही. सभा तहकूब होते, परीक्षा पुढे ढकलली जाते, निर्णय लांबणीवर पडतो. चालढकल मात्र माणूस करतो, आणि बहुधा ज्याच्या टेबलावर आपली फाइल असते तोच माणूस.

इंग्रजीतल्या बऱ्याच समानार्थी जोड्यांत एक शब्द ग्रीक असतो आणि दुसरा त्याचंच लॅटिन रूप. ‘सिम्पथी’ ग्रीक, ‘कंपॅशन’ लॅटिन. दोन्हींत सोबत सोसणं आहे. ‘हायपोथिसिस’ ग्रीक, ‘सपोझिशन’ लॅटिन. दोन्हींत खाली ठेवणं आहे. ग्रीक तत्त्वज्ञान आपल्या भाषेत आणताना रोमनांना शब्द पुरत नव्हते. सिसेरोनं ग्रीक शब्द समोर ठेवून ‘क्वालितास’ आणि ‘मोरालिस’ हे शब्द घडवले, आणि आज जगभर ‘क्वालिटी’ आणि ‘मॉरल’ म्हणताना ते कुणाला भाषांतरित वाटत नाहीत. आपल्या परिभाषा घडवणाऱ्यांवर उठता-बसता टीका करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ‘सर्क्युलर’चं परिपत्रक, ‘इंटरनॅशनल’चं आंतरराष्ट्रीय, ‘को-ऑपरेटिव्ह’चं सहकारी हे सगळं त्याच जातीचं काम आहे. ‘को’ला सह आणि ‘ऑपरेटिव्ह’ला कार जोडून केलेला सहकारी हा शब्द आज साखर कारखान्याच्या कमानीवर असतो, दूधसंघाच्या पिशवीवर असतो, आणि त्याला भाषांतराचा वास उरलेला नाही.

परक्या शब्दाच्या जागी आपण जो शब्द ठेवतो त्याला मराठीत प्रतिशब्द म्हणतात. संस्कृतात प्रतिशब्द म्हणजे प्रतिध्वनी. तोच शब्द लोकांच्या तोंडी झिजत प्रति-चा पड झाला आणि शब्दाचा साद. तो आपला पडसाद. तत्सम रूपानं कोशात जागा घेतली, तद्भव डोंगरात राहिला. पण समानार्थी शब्दाचा स्वभाव त्या जुन्या अर्थात अचूक पकडलेला आहे. पडसाद मूळ हाकेसारखाच येतो. तो हाक मात्र नसतो.

लॅटिनची फोड करत गेलं की वाट कधी कधी थेट आपल्या घरात येते, हे मला या नादात मिळालेलं सर्वांत मोठं सुख. ‘कम्पॅनियन’ म्हणजे सोबती. त्यात ‘कोम्’ म्हणजे सोबत आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी, रोटी. जो आपल्यासोबत रोटी खातो तो. हा ‘पानिस’ पोर्तुगीजमध्ये ‘पांव’ झाला, पोर्तुगिजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला आणि आपला पाव झाला. सायकलच्या भोंग्यानं गोवेकरांना उठवणारा पोदेरही त्याच घरातला. इंग्रजाच्या सोबत्यात आणि दादरच्या वडापावात एकच रोटी आहे. तीच गोष्ट ‘कॉन्क्लेव्ह’ची. ‘क्लाविस’ म्हणजे किल्ली. किल्लीनं बंद करता येते ती खोली म्हणजे कॉन्क्लेव्ह. १२६८ पासून जवळजवळ तीन वर्षं कार्डिनलांना नवा पोप ठरवता येईना, तेव्हा विटर्बो गावच्या लोकांनी त्यांना कोंडून घातलं. त्यातून निवडून आलेल्या दहाव्या ग्रेगरीनं १२७४ मध्ये कोंडण्याचाच नियम करून टाकला. तो ‘क्लाविस’ पोर्तुगीजमध्ये ‘शाव्ह’ आणि मराठीत चावी झाला. हल्ली मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांत रोज कसलं ना कसलं कॉन्क्लेव्ह असतं. चावी फिरवून दार लावावं असं वाटणारे श्रोते तिथंही असतील.

‘प्रीकोशस’ हा शब्द मला फार आवडतो. वयाच्या मानानं लवकर शहाण्या झालेल्या मुलाला तो लावतात. ‘प्रे’ म्हणजे आधी, आणि मागचा धातू आपल्या पच्-चा नातलग; वेळेआधी पिकलेला. इंग्रजी-मराठी कोश त्याला अकालपक्व म्हणतात, आणि तुकड्या-तुकड्यानं ते तंतोतंत बरोबर आहे. पण अकालपक्व म्हणून कुठल्या आईनं मुलाला हाक मारली आहे? घरात शब्द एकच, आगाऊ. त्यातही आधी आहे, पुढे आहे. घरमालकाला दिलेलं आगाऊ भाडं आहे आणि मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालणारं कार्टंही आहे. अकालपक्व शब्दाचा अर्थ सांगतो, आगाऊ शब्दाचा सूर सांगतो. यादीत फक्त पहिल्याला जागा असते.

भारतीयांनी या यादीचा एकदा मात्र असा वापर केला की इंग्रज बघत राहिला. सभा पुढे ढकलणं जर ‘पोस्टपोन’, तर ती अलीकडे आणणं ‘प्रीपोन’. आपल्या कचेऱ्यांत आणि कॉलेजांत हा शब्द सर्रास चालतो, आणि इंग्रज तो ऐकून कपाळाला आठ्या घालतो. पण लॅटिन व्याकरणाला विचारलं तर त्यात खोट काढता येणार नाही. ‘प्राएपोनेरे’, म्हणजे पुढे ठेवणं, हे क्रियापद लॅटिनमध्ये होतंच. इंग्रजीतली ‘प्रीपोझिशन’ही त्यातूनच आली. ऑक्सफर्डच्या कोशानंही ‘प्रीपोन’ला भारतीय इंग्रजीतला म्हणून जागा दिली आहे. उपसर्ग कळला म्हणजे शब्द फोडता येतो, हे सगळे सांगतात. तो घडवून वापरातही आणता येतो, हे आपल्या कचेऱ्यांनी दाखवून दिलं.

उपसर्गाला स्वतःचा अर्थ असतो की नसतो, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. यास्कानं निरुक्तात तो नोंदवून ठेवला आहे. शाकटायनाचं म्हणणं, उपसर्ग एकटा काढला तर अर्थ सांगत नाही. तो नामाच्या किंवा क्रियापदाच्या अर्थावर उजेड टाकतो. गार्ग्याचं म्हणणं, त्याला स्वतःचे नाना अर्थ आहेत. हा वाद मांडून झाल्यावर यास्क शांतपणे एकेका उपसर्गाचा अर्थ सांगायला बसतो. अप्पा बळवंत चौकातल्या यादीचा हा फार जुना पूर्वज. मला दोन्ही पंडित पटतात, पण पाळी लावून. अनोळखी शब्द पहिल्यांदा भेटतो तेव्हा मी गार्ग्याच्या बाजूचा असतो; उपसर्गाला अर्थ नाही असं मानलं तर अंदाजाला सुरुवातच करता येणार नाही. तो शब्द दहा वाक्यांत वापरलेला दिसला की मी शाकटायनाकडे जातो.

म्हणून याद्या पाठ करणाऱ्या मुलांना मी नको म्हणत नाही. अवश्य पाठ करा, आणि संस्कृतचे बावीस उपसर्गही त्यांच्या शेजारी मांडा. अर्धी यादी आयतीच ओळखीची निघेल. मात्र क्रम सोडू नका. आधी शब्द ज्या वाक्यात बसला आहे ते वाक्य वाचा, मग उपसर्गाचा कौल लावा, आणि मग कोश उघडा. अंदाज बरोबर निघाला असं वाटलं तरी कोश उघडाच.